मुलाखतपूर्व व मुलाखतकालीन धडधड

नोकरीच्या मुलाखतीला बोलावणे आले की उमेदवाराच्या छातीत धडधड सुरू होते, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते आणि ज्या विषयात पदवी घेतली तो सोडून जगातले बाकी सगळे आठवू लागते. यात उमेदवाराचा दोष नाही. संकट समोर दिसले की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय वेग घेते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि लाळ आटते. लढ किंवा पळ, असा हा शरीराचा हुकूम. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मूळ हुकूम हिंस्र श्वापदासाठी होता. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांत बिबट्या अजूनही कुत्र्याच्या मागावर अंगणापर्यंत येतो, त्यामुळे तिथल्या उमेदवाराला बिबट्या आणि मुलाखत यांतला फरक नीट ठाऊक असतो. बिबट्या आला तर डबे वाजवता येतात. शिवाय तो समोर बसून ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ असे म्हणत नाही.

माणसाला प्रयोगशाळेत हमखास घाबरवायचे कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडतो. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यासाठी ना साप आणले, ना कुणाला कड्यावर उभे केले. त्यांनी नोकरीची खोटी मुलाखत घेतली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पाच मिनिटे ‘या नोकरीला मीच कसा योग्य’ हे सांगायचे असते आणि समोरच्यांनी चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नसते. मग १०२२ मधून १३ वजा करत जायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यावर लाळेतले कॉर्टिसॉल दुपटीतिपटीने वाढते, आणि ताणाच्या अभ्यासात ही पद्धत आजही जगभर प्रमाण मानली जाते. रत्नागिरीकराला मात्र ती सौम्यच वाटेल, कारण तिच्यात नातेवाईक नाहीत.

रत्नागिरीत मुलाखत तीन सदस्यांपुढे होते, हे फक्त कागदोपत्री. प्रत्यक्षात ती तारीख कळल्या दिवशीच सुरू होते आणि सदस्यसंख्येला मर्यादा नसते. पहिली फेरी घरात. आई विचारते, ‘पगार किती?’ वडील विचारतात, ‘पर्मनंट आहे का?’ आजी ‘इथेच की मुंबईस?’ एवढेच विचारते आणि उत्तर पसंत पडले नाही तर काही न बोलता देवघराकडे बघते. दुसरी फेरी आळीत. तिथे गडग्यापलीकडून काकू विचारतात, ‘कसली रे मुलाखत? कंत्राटी का?’ होकार आला की ‘मग काय उपयोग!’ म्हणून चार दिवस आधीच निकाल जाहीर करतात. तिसरी फेरी मारुती मंदिराच्या नाक्यावर. इथले सदस्य तज्ज्ञ असतात. ‘तिकडे माणूस ठरलेला आहे, नुसता फार्स,’ हे त्यांचे ठाम मत असते आणि त्यांना स्वतःला कुठूनही बोलावणे येऊन बराच काळ लोटलेला असतो. चौथी फेरी फोनवरून, डोंबिवलीच्या काकांची. ‘कॉन्फिडन्स पाहिजे रे, कॉन्फिडन्स,’ असे ते बजावतात. तो कुठे मिळतो हे सांगण्याआधी त्यांची लोकल येते.

या चार फेऱ्या पार करून उमेदवार खऱ्या मंडळापुढे पोचतो तेव्हा त्याची निम्मी धडधड खर्च झालेली असावी, असे कुणालाही वाटेल. होते उलटे. मंडळाने नाकारले तर फक्त नोकरी जाणार असते. आळीला मात्र शिमग्यापर्यंत उत्तर द्यावे लागणार असते. भीती बहुधा या दुसऱ्या गोष्टीची असते आणि बिल मुलाखतीच्या नावावर फाटते. म्हणून धडधडीवरचा सर्वांत स्वस्त उपाय असा, की तारीख दोन माणसांपलीकडे जाऊ देऊ नये. त्यांतला एक इस्त्री करून देणारा असावा, दुसरा गाडीवरून सोडणारा. आजीला आदल्या रात्री सांगावे. तिला राग येईल, पण सकाळी हातावर दही-साखर पडायची राहणार नाही.

पूर्वी हा त्रास कमी होता, कारण मुलाखतच नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर होता आणि गिरणीतली भरती बराच काळ जॉबरच्या हातात होती. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. गाव कुठले, कुणाचा कोण, एवढे विचारून तो उमेदवाराला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळी आणि काम झाले तर झाले. बदली कामगाराला तर रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहावे लागे. १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, तरी उभे राहणे चुकले नाही. रोज मुलाखत, प्रश्न शून्य, आणि निकाल फाटक बंद होताना. यात माणुसकी किती होती हा वेगळा विषय. पण तेव्हाच्या चाकरमान्याला ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ असे कुणी विचारले नाही, एवढे खरे. विचारले असते तर ‘गणपतीला गावी’ हे प्रामाणिक उत्तर आले असते.

लेखी परीक्षेआधीच बाद होण्याचा या जिल्ह्यातला सर्वांत नामांकित दाखला धोंडो केशव कर्वे यांचा. जन्म शेरवलीचा, १८५८ सालचा. वाढले दापोली तालुक्यातल्या मुरुडला. सरकारी नोकरीसाठी लागणारी मराठी सहावीची परीक्षा द्यायला हा मुलगा कोसळत्या पावसात, डोंगरदऱ्या तुडवत, ११० मैल पायी साताऱ्याला पोचला. तिथे त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. कारण काय, तर तो फारच लहान दिसतो. कर्व्यांनी आत्मवृत्तात हे लिहून ठेवले आहे. पुढे १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, १९५८ साली भारतरत्न झाले, आणि लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला हा उमेदवार १०४ वर्षे जगला. उमेदवाराने यातून व्यवहारापुरते एवढेच घ्यावे, की समोरचा काय बघून काय ठरवेल याचा भरवसा नसतो. तेव्हा आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवर आदल्या रात्रीची झोप खर्च करू नये.

हातात असलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे फाईल. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या झेरॉक्स, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अधिवास, चार फोटो. फाईल आदल्या संध्याकाळी एकदा लावावी आणि चेन ओढून दाराजवळ ठेवावी. धडधडणारा माणूस ती रात्रीतून पुनःपुन्हा उघडतो, दर वेळी दहावीची गुणपत्रिका बाहेर काढून बघतो, आणि शेवटच्या खेपेला ती पलंगावरच राहते. पावसाळ्यात रात्री लाइट जाण्याची शक्यता धरून इस्त्रीही संध्याकाळीच उरकावी. एरवी सकाळी पुढच्या बाजूने कडक आणि पाठीला चुरगळलेला शर्ट घालून जावे लागते आणि उमेदवार मुलाखतभर खुर्चीला पाठ टेकून बसतो. मंडळाला तो आत्मविश्वास वाटतो; तेवढाच फायदा.

नाश्त्याला मऊभात आणि मेतकूट यांच्याइतका निरुपद्रवी पदार्थ नाही. घाबरलेल्या पोटाला तळण नको असते, आणि उपाशीपोटी गेल्यास मंडळापुढच्या शांततेत पोट बोलते. चहा एकच कप. चहा-कॉफीतले कॅफिन धडधड वाढवते. तीन कपांनंतर थरथर भीतीची की चहाची, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. ग्रामदैवत भैरीला नारळ ठेवून जाण्याची पद्धत आहे. तिची उपयुक्तता धर्मशास्त्रावर सोडली तरी, मोबाइल खिशात, चपला बाहेर आणि दहा मिनिटे गप्प उभे राहणे, एवढ्याने श्वास जाग्यावर येतो हे कुणीही मान्य करील.

यानंतर छत्री. या विषयाकडे मुलाखतीच्या मार्गदर्शकांनी पूर्ण दुर्लक्ष केले आहे, कारण ते कोरड्या प्रदेशात लिहिले जातात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर कोसळतो. महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरच्या मुलाखती नेमक्या याच दिवसांत येतात. उमेदवार रहाटाघर स्थानकावर उतरतो तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. पिशवीत बूट, पायात पावसाळी चपला, बगलेत फाईल, हातात छत्री. बूट कुठेतरी पागोळ्यांखाली एका पायावर उभे राहून बदलले जातात आणि मोजा त्याच वेळी ओल्या लादीवर पडतो. नाव पुकारल्यावर घाईत छत्रीही आत जाते. मग ती कुठे ठेवायची? टेबलाला टेकवली तर घसरते. खुर्चीखाली ठेवली तर बघता बघता पाण्याचा ओहोळ सदस्यांच्या दिशेने निघतो. उमेदवार अध्यापनपद्धतीवर बोलत असतो आणि मंडळ त्या ओहोळाकडे बघत असते. छत्री बाहेर शिपाईमामांकडे द्यावी आणि द्यायच्या आधी तिच्यावर नाव लिहिलेले असावे. सगळ्या काळ्या छत्र्या सारख्याच दिसतात आणि बाद झालेला उमेदवार चांगली घेऊन जातो.

मुलाखत मुंबईला असेल तर आणखी एक गोष्ट. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. मे महिन्यात पाठ केलेली वेळ जुलैत कामाला येत नाही. सकाळी अकराच्या मुलाखतीला त्याच पहाटे पोचणारी गाडी पकडणे म्हणजे धडधडीला डब्यात आरक्षित जागा देणे. आदल्या दिवशी जावे आणि डोंबिवलीला मुक्काम करावा. तिथे काका आहेत, हे खरे. पण गाडी चुकण्यापेक्षा काका परवडतात.

सर्वांत जास्त धडधड मुलाखतीत होत नाही, बाहेरच्या बाकावर होते. त्या बाकावर काही ठरावीक मंडळी भेटतात. ‘तुमचा अनुभव किती?’ विचारून उत्तराच्या दुप्पट आकडा स्वतःचा सांगणारा एक असतो. एक कोपऱ्यात गाईड उघडून बसलेला असतो आणि त्याचे शेवटचे पान कधी येत नाही. आतून बाहेर आलेल्याला घेराव घालून ‘काय विचारलं?’ असे सगळे एकदम विचारतात, आणि तो मोठ्या उदारपणे न विचारलेले तीन प्रश्न सांगून निघून जातो. बाकीचे मग त्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत बसतात. बाकाच्या टोकाला बसावे, पावसाकडे बघावे, आणि श्वास घेताना मनात चारपर्यंत, सोडताना सहापर्यंत मोजावे. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाचा वेग खरोखरच उतरतो. यासाठी योगवर्गाची पावती लागत नाही आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

प्रसाधनगृहात जाऊन कमरेवर हात ठेवून छाती पुढे काढून उभे राहावे, असा एक सल्ला मध्यंतरी जगभर गाजला. २०१० साली ४२ जणांवर केलेल्या अमेरिकन प्रयोगात अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरके बदलतात असे आढळले होते. २०१५ साली २०० जणांवर तोच प्रयोग केला तेव्हा संप्रेरके जागची हलली नाहीत. मधल्या पाच वर्षांत किती उमेदवार प्रसाधनगृहांत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या थाटात उभे राहिले असतील आणि नेमके त्याच वेळी दार उघडून कोण आत आले असेल, याची मोजदाद झालेली नाही.

धडधड समूळ घालवू पाहणे मात्र चूक. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकनांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की अवघड काम शिकताना उत्तेजना फार कमी असून चालत नाही आणि फार जास्त असूनही चालत नाही. अजिबात न घाबरणारा उमेदवार रत्नागिरीत अधूनमधून दिसतो. तो खुर्चीत पसरतो, सदस्यांना ‘कसं काय’ विचारतो आणि त्याच्या वडिलांची बाग असते. उरलेल्यांसाठी हार्वर्डमधल्या ॲलिसन वूड ब्रुक्स यांचे २०१४ सालचे संशोधन कामाचे आहे. गाणे म्हणायला, भाषण करायला किंवा गणित सोडवायला जाण्याआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असे म्हणणाऱ्यांनी चांगली कामगिरी केली. धडधड भीतीत आणि उत्साहात सारखीच असते; तिला नाव चांगले दिले की ती अंगावर येत नाही. यावरून वडीलधाऱ्यांचे ‘घाबरू नकोस हां’ हे वाक्य किती निरुपयोगी, ते कळते. ते ऐकल्यावरच अनेकांना घाबरायचे असते हे आठवते.

दार ढकलून आत गेल्यावरची पहिली दोन मिनिटे सर्वांत कठीण, आणि त्या दोन मिनिटांचा प्रश्न साऱ्या जगात एकच: स्वतःबद्दल सांगा. रत्नागिरीकराची पंचाईत इथे होते. शेजाऱ्याच्या तीन पिढ्या, त्यांचे बांधावरचे दावे आणि कोर्टातल्या तारखा त्याला तोंडपाठ असतात. स्वतःबद्दल मात्र नाव आणि गाव सांगून तो थांबतो. पहिली तीन वाक्ये घरून मोठ्याने म्हणून तयार करून न्यावीत: काय शिकलो, काय केले, या कामाशी त्याचा काय संबंध. तोंडाला सुरुवात मिळाली की पुढचे आपोआप येते. प्रश्न इंग्रजीतून आला आणि जीभ टाळ्याला चिकटली, तर ‘मराठीत सांगू का?’ असे सरळ विचारावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत, जिथे एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात, तिथेसुद्धा मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मराठीतून बोलण्याची मुभा आहे.

बाहेरच्या मंडळापुढे रत्नागिरीच्या उमेदवाराला दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘रत्नागिरी? मग आंबे आणले का?’ सगळे हसतात. या हसण्यात उमेदवाराने सामील व्हावे, पण तिथेच थांबू नये. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांनाही लागू आहे, एवढे माहीत असले की थट्टेचा प्रश्न गुणांचा होतो. टिळकांचा जन्म इथला, १८५६ सालचा; ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता आणि त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला, हेही सोबत असू द्यावे. तीस वर्षे पुढच्या हुकमाची वाट बघत बसलेल्या माणसाची आठवण निकालाच्या दिवसांत वेगळ्या प्रकारे उपयोगी पडते.

उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणावे. हे तीन शब्द उच्चारायला भित्र्या माणसाला फार वेळ लागतो आणि मधल्या वेळात तो त-त-प-प करत चुकीचे उत्तर उभारतो. विचार करायला थोडे थांबले तरी चालते. आतून तो काळ युगासारखा वाटतो, बाहेरून दोन-तीन सेकंद जातात. धडधडीचेही असेच. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवले, की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी दिसते असे वाटते, तितकी ती ऐकणाऱ्याला दिसत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना आधी सांगितली ते वक्ते अधिक चांगले बोलले. समोरच्या सदस्यांची आपापली चिंता असते. विषयतज्ज्ञ मुंबईहून आलेले असतात, त्यांना दुपारची मांडवी एक्स्प्रेस गाठायची असते. अध्यक्षांचा चहा आलेला नसतो. तिसरे सदस्य अर्ज चाळत असतात, तो बहुधा आधीच्या उमेदवाराचा असतो.

ज्यांना हे सगळेच नको असेल त्यांच्यासाठी सरकारने थोडी सोय केली आहे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. आता धडधड ऑनलाइन परीक्षेच्या केंद्रावर होते आणि माऊस चालत नाही म्हणून होते.

मुलाखत संपली की ‘कळवू’ असे सांगतात. घरी आल्यावर काय विचारले, काय सांगितले याचा पंचनामा एकदाच करावा आणि तोही जेवल्यावर. चौकशीचा फोन सांगितलेली मुदत उलटल्यावर करावा, आधी नाही. काकू गडग्यापलीकडे उभ्या असतीलच. त्यांना ‘बरी झाली’ एवढेच सांगावे. एसटीचे तिकीट जपून ठेवण्याची गरज नाही. मुलाखतीसाठी कोणताही प्रवासभत्ता देय राहणार नाही, असे जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत छापलेले असते.